छताखालचा बास्केटबॉल आणि कॅमेऱ्यातला प्रकाशाचा हिशेब

बंदिस्त क्रीडागृहात पाऊल टाकले की वरचे दिवे डोळ्यांना लख्ख वाटतात. लाकडी फरशी चकाकत असते, खेळाडूंच्या जर्सीवरचे आकडे शेवटच्या रांगेतूनही वाचता येतात, आणि म्हणूनच पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला आपली छायाचित्रे काळपट व फरफटलेली का येतात, हे उमगत नाही. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो, तर साध्या क्रीडागृहात तो अनेकदा ३०० ते ५०० लक्स एवढाच असतो, म्हणजे उन्हाच्या तुलनेत साधारण अडीचशेपट कमी. आपला डोळा बाहुली रुंदावून आणि दृष्टिपटलाची संवेदनशीलता वाढवून ही तूट इतकी बेमालूम भरून काढतो की ती आपल्या लक्षातही येत नाही. कॅमेऱ्यासाठी मात्र ती आपल्यालाच भरून काढावी लागते.

जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला तो बाहेर थंडी असताना आत खेळता यावा म्हणूनच. त्यामुळे कमी प्रकाश आणि वेगवान हालचाल ही जोडी बास्केटबॉलच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे. छायाचित्रकाराच्या हाती तीनच गोष्टी असतात: शटर किती वेळ उघडे राहील, भिंगाचे छिद्र किती मोठे असेल आणि प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाकडून आलेला संकेत किती वाढवायचा, म्हणजेच आयएसओ. या तिघांपैकी पहिला निर्णय शटरचा घ्यावा आणि तो पुन्हा बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण उरलेल्या दोन्ही बाबतींत काही ना काही तडजोड चालते, पण फरफटलेला चेहरा नंतर कोणत्याही संगणकावर खात्रीने सावरता येत नाही.

शटरचा वेग किती हवा, हे साध्या गुणाकाराने कळते. चेंडू घेऊन आडवा धावणारा खेळाडू सेकंदाला सुमारे ७ मीटर जातो असे धरू. शटर १/१२५ सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि चेहऱ्यावर साडेपाच सेंटिमीटरची फरफट म्हणजे डोळे नाकात मिसळून गेले. १/५०० सेकंदात हेच अंतर १४ मिलिमीटर होते आणि १/१००० सेकंदात ७ मिलिमीटर. पास देणारा हात तर धडापेक्षाही वेगाने फिरतो. म्हणून १/५०० ही किमान पायरी आणि १/१००० ही समाधानाची पायरी मानावी. भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती आपल्या हाताचे कंपन रोखते, खेळाडूचे धावणे नव्हे.

उडीच्या बाबतीत भौतिकशास्त्र छायाचित्रकारावर एक उपकार करते. ६० सेंटिमीटर उंच उडी मारणारा खेळाडू सुमारे ०.७ सेकंद हवेत असतो, आणि त्यातला निम्मा वेळ, म्हणजे जवळजवळ ०.३५ सेकंद, तो उडीच्या सर्वांत वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये घालवतो, कारण वर जाताना त्याचा वेग कमी कमी होत शिखरावर क्षणभर शून्य होतो. खेळाडू हवेत थबकल्यासारखा दिसतो तो यामुळेच. जम्पशॉटचा, म्हणजे उडी मारून हवेतून केलेल्या फेकीचा, हा क्षण मंद शटरलाही साधतो आणि नेमका तोच क्षण पाहायला सर्वांत देखणा असतो. मात्र माणसाच्या प्रतिसादालाच सुमारे ०.२ सेकंद लागतो. तेव्हा शिखर दिसल्यावर बटण दाबले तर उशीर झालेला असतो. गुडघे वाकून सरळ होऊ लागले की बोट हलले पाहिजे.

शटर ठरले की प्रश्न येतो भिंगाचा, आणि येथेच बहुतेकांचा पैसा चुकीच्या जागी जातो. दूरचे जवळ दिसावे म्हणून लांब पल्ल्याचे झूम भिंग घेतले जाते, पण त्याचे तोंड अरुंद असते. भिंगावर लिहिलेला एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर (मिलिमीटरमध्ये सांगितला जाणारा भिंगाचा पल्ला) भागिले छिद्राचा व्यास. २०० मिलिमीटरवर एफ ५.६ देणाऱ्या हलक्या झूममधले छिद्र जेमतेम ३६ मिलिमीटरचे असते. त्याच २०० मिलिमीटरवर एफ २.८ देणाऱ्या भिंगात ते ७१ मिलिमीटरचे असावे लागते. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, आणि पावसात ठेवलेल्या परातीत लोट्यापेक्षा जास्त पाणी जमते तसाच चौपट प्रकाश आत येतो. एफ २.८ ची झूम भिंगे जड आणि महाग का असतात, याचे उत्तर या ७१ मिलिमीटरच्या काचेत आहे. मोबाइल फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या छिद्राचा व्यास साधारण ४ मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले की अशा सभागृहात फोन का हतबल होतो, तेही कळते.

आता हे आकडे एकत्र मांडून पाहू. क्रीडागृहात ४०० लक्स प्रकाश आहे आणि शटर १/१००० वर पक्के केले आहे. एफ ५.६ वर योग्य उजळ छायाचित्रासाठी आयएसओ सुमारे २०,००० पर्यंत न्यावा लागतो. एफ २.८ वर तो ५,००० होतो आणि एफ १.८ वर अवघा २,०००. एफ १.८ चे ८५ मिलिमीटरचे एककेंद्री भिंग, ज्याला सगळे प्राइम म्हणतात, एफ २.८ च्या झूमपेक्षा सामान्यतः बरेच हलके आणि स्वस्त असते. तरीही या खोलीत ते त्याच्यावर सव्वा स्टॉपहून अधिक मात करते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). झूमची सोय त्यात नाही हे खरे, पण नवख्याने पहिले भिंग कोणते घ्यावे असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हेच भिंग असते. ज्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक छोटा, म्हणजे एपीएस-सी आकाराचा आहे, त्याला एफ १.८ चे ५० मिलिमीटरचे भिंगही चालेल, कारण त्या संवेदकावर ते ७५ ते ८० मिलिमीटरच्या भिंगाइतकेच दृश्य पकडते.

आयएसओविषयी एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. आयएसओ वाढवल्यामुळे छायाचित्रात दाणे येतात, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक दाणे येतात ते प्रकाश कमी पडल्यामुळे. प्रकाशकण संवेदकावर पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात, आणि त्यातला चढउतार मोजलेल्या कणांच्या वर्गमुळाइतका असतो. एका बिंदूवर १०,००० कण पडले, तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडले, तर तो १० चा, म्हणजे तब्बल १० टक्के. हीच ती खरखर. तेव्हा भीतीने आयएसओ कमी ठेवून काळे छायाचित्र काढायचे आणि घरी येऊन ते उजळायचे, यात काहीच वाचत नाही. कण तेवढेच जमलेले असतात, आणि अनेक कॅमेऱ्यांत तर सावल्यांची दशा आणखी वाईट होते. शटर आणि छिद्र आपापल्या जागी ठेवून आयएसओ लागेल तितका खुशाल वाढवावा. आजचे संवेदक ६,४०० वरही छापण्याजोगे चित्र देतात, आणि दाणेदार पण रेखीव चेहरा पाहणाऱ्याला खटकत नाही.

भिंगाची लांबी, म्हणजे नाभीय अंतर, ठरते ती आपण कुठे बसणार यावरून. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते आणि रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. बेसलाइनच्या, म्हणजे रिंगमागच्या सीमारेषेच्या मागे, कोपऱ्याकडे सरकून बसल्यास रिंगजवळचे खेळाडू ५ ते ८ मीटरांवर येतात. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ८५ मिलिमीटरचे भिंग ८ मीटरांवर उभ्या चौकटीत सुमारे ३.४ मीटर उंची पकडते, म्हणजे झेपावलेला खेळाडू, त्याचा वर गेलेला हात आणि चेंडू हे सारे मावते. तोच खेळाडू ५ मीटरांवर आला की चौकटीत २.१ मीटरच उरतात, आणि तेथे ५० मिलिमीटर किंवा २४-७० चे झूम कामी येते. ७०-२०० चे एफ २.८ झूम कोर्टच्या मध्यापर्यंत पोहोचते, म्हणूनच अनेक व्यावसायिक छायाचित्रकारांच्या गळ्यात ते दिसते. गॅलरीतून काढायचे असेल तर १३५ किंवा २०० मिलिमीटरशिवाय गत्यंतर नाही, मात्र वरून पाहिल्यामुळे खेळाडूमागे फक्त फरशी येते आणि उडीची उंची चपटी होऊन जाते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याला तीच उडी छताला भिडल्यासारखी दिसते. कडेला बसणाऱ्याने दुसरा डोळाही उघडा ठेवावा, कारण चेंडूमागे झेपावलेला खेळाडू समोरचे भिंग पाहत नसतो.

मोठ्या छिद्राची किंमत फोकसच्या रूपाने मोजावी लागते. ८५ मिलिमीटर, एफ १.८ आणि ६ मीटर अंतर असताना रेखीव दिसणारा पट्टा सुमारे अर्ध्या मीटरचाच असतो. ले-अपसाठी, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्यासाठी, थेट आपल्याकडे सेकंदाला ६ मीटर वेगाने येणारा खेळाडू त्या पट्ट्याचा अर्धा भाग सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात ओलांडतो. एकदा फोकस करून थांबणारी पद्धत येथे निरुपयोगी ठरते. कॅमेरा सतत फोकस करणाऱ्या पद्धतीवरच ठेवायला हवा, आणि फोकसबिंदूंचा एक लहान गट छातीवर किंवा चेहऱ्यावर धरून खेळाडूचा अर्धा-एक सेकंद आधीपासून पाठलाग करायला हवा, म्हणजे त्याचा वेग कॅमेऱ्याला कळतो. साऱ्या चौकटीत कुठेही फोकस शोधण्याची मुभा दिली, तर तो मध्ये आलेल्या पंचाच्या पाठीवर किंवा रिंगच्या जाळीवर जाऊन बसतो. चेहरा ओळखणारे नवे कॅमेरे यात बरीच मदत करतात, तरी दहा जणांच्या गर्दीत नेमका कोणता चेहरा हवा, हे त्यांना आपणच दाखवावे लागते.

एवढे सगळे जमल्यावरही एक कोडे उरते. एकाच जागेवरून, एकाच मांडणीवर सलग काढलेल्या छायाचित्रांपैकी काही उजळ, काही मंद आणि काही पिवळट येतात. त्याचे मूळ विजेच्या प्रवाहात आहे. ज्या देशांत वीज ५० हर्ट्झची आहे तेथे अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो, ६० हर्ट्झ असेल तेथे १२० वेळा. डोळ्याला ही लुकलुक जाणवत नाही, पण १/१००० सेकंदाचे शटर १० मिलिसेकंदांच्या त्या चक्राचा दहावाच हिस्सा पाहते, आणि तो हिस्सा लाटेच्या माथ्यावरचा असेल की तळातला, हे नशिबावर सोपवलेले असते. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांत प्रकाशासोबत रंगही बदलतो. त्यात भर म्हणजे इतक्या वेगाला शटरचे दोन पडदे मिळून एक अरुंद फटच चौकटीवरून सरकवतात. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला ३-४ मिलिसेकंद लागतात, आणि म्हणून एकाच छायाचित्राचा वरचा भाग उजळ व खालचा भाग मळकट येऊ शकतो. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर अनेक कॅमेऱ्यांत संवेदक याहूनही सावकाश वाचते, तेव्हा चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा सभागृहात यांत्रिक शटरच वापरावे.

शटर १/१०० वर आणले तर ५० हर्ट्झचे पूर्ण चक्र सामावून लुकलुक नाहीशी होते, पण त्याबरोबर खेळाडूही विरघळून जातो. यावरचा चांगला उपाय कॅनन कंपनीने २०१४ मध्ये ईओएस ७डी मार्क २ या कॅमेऱ्यात दिला: कॅमेरा दिव्यांची लय मोजतो आणि प्रकाश माथ्यावर येईल त्याच क्षणी शटर उघडतो. आता ही सोय इतर कंपन्यांच्या अनेक कॅमेऱ्यांतही असते. सलग छायाचित्रांचा वेग तिच्यामुळे किंचित मंदावतो, तरी एकसारख्या रंगांच्या बदल्यात हा सौदा फायद्याचा आहे.

प्रकाशमापन कॅमेऱ्यावर सोडू नये. पांढऱ्या जर्सीचा संघ समोर आला की मापक दृश्य फार उजळ समजून चित्र काळवंडवतो, आणि मागे अंधारी गॅलरी आली की चेहरे पांढरेफटक करतो. दिवे मात्र सामनाभर तेवढेच जळत असतात. म्हणून शटर, छिद्र आणि आयएसओ तिन्ही हाताने ठरवावेत. फ्लॅश अनेक ठिकाणी चालत नाही, आणि चालला तरी अंतर दुप्पट होताच त्याचा प्रकाश चौथाईवर येतो. रॉ, म्हणजे संवेदकाच्या कच्च्या नोंदीच्या स्वरूपात साठवल्यास रंग नंतर दुरुस्त करता येतात, जेपेगमध्ये ती मोकळीक बरीच कमी असते.

या सगळ्यासाठी खेळाडूंच्या सरावाची पंधरा-वीस मिनिटे पुरतात. आधी पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखून १/१००० वर सलग दहा छायाचित्रे काढावीत आणि ती पडद्यावर भराभर पुढे सरकवून पाहावीत. उजेड लाटेसारखा हलताना दिसला, तर लुकलुक आहे हे तत्काळ कळते. मग करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्यांच्या रंगछटेनुसार रंगांची जुळणी, घ्यावा, तोही १/५० सारख्या मंद शटरवर, म्हणजे चक्रातले सगळे रंग त्यात येतात. मोजमाप झाल्यावर शटर परत १/१००० वर आणायला विसरू नये. पुढे रिंगखाली, फ्री थ्रोच्या रेषेवर आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूंचे चेहरे मोठे करून तपासावेत, कारण दिव्यांच्या मांडणीमुळे कोपरे बहुधा मधल्या भागापेक्षा अर्ध्या ते एका स्टॉपने अंधारलेले असतात. सामना सुरू झाल्यावर पहिला फ्री थ्रो मिळाला की हीच तपासणी पुन्हा करावी: फेकणारा जवळजवळ स्थिर उभा असतो, चेहऱ्यावर प्रकाश नेहमीचाच असतो, आणि चेंडू रिंगकडे जाईपर्यंत आयएसओ पाचशेने वर-खाली करायला पुरेसा वेळ मिळतो.