टेबलावरचं तांबडं औषध, घरची बाटली
बेळगावात वडगावच्या आमच्या शेजारच्या मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी त्यांनी बाटलीतले थेंब बंद केले. "टेबलावर तांबडं औषध घातल्यात की डोळ्यात, जंतू तिथंच मेले. आता परत कशाला?" घरी सोडताना मिळालेला कागद कन्नड आणि इंग्रजीत, मावशी शिकलेल्या मराठी शाळेत. दोन्ही औषधं एकच वाटली, यात मला त्यांची चूक दिसत नाही.

तांबडं म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. जखमेला लावतो तेच, फक्त डोळ्यात 5 टक्क्यांचं आणि पापण्यांभोवतीच्या कातडीला 10 टक्क्यांचं. झोंबतं, म्हणून आधी बधिर करणारा थेंब. एवढा खटाटोप कशाला? पापण्यांच्या कडेला प्रत्येकाचेच जंतू नांदत असतात, बहुतेक स्टॅफिलोकॉकस जातीचे. बाहेर ते गप्प असतात, पण चिरेतून आत शिरले तर डोळा जाऊ शकतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात अशा 17 पैकी 14 रुग्णांच्या डोळ्याच्या आत सापडलेला जंतू त्यांच्याच पापणीवरच्या, डोळ्यावरच्या किंवा नाकातल्या जंतूशी जुळला. चोर घरातलाच! आयोडीन निवड करत नाही, समोर येईल त्याला मारतं. पण धुतलं की त्याचा अंमल ओसरतो, पापणीवरची वस्ती परत भरू लागते, आणि चीर तर अजून भरायचीच असते.

तेवढ्यासाठी बाटली. तिच्यात अँटिबायोटिक, बहुधा मॉक्सिफ्लॉक्सासिन. हे निवडून मारतं: जंतूच्या डीएनएचे पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमलाच धरतं. ज्यांचं एन्झाइम जरा बदललेलं, ते वाचतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. डोळ्यात वरचेवर इंजेक्शन घ्यावी लागणाऱ्यांना दर वेळी असे थेंब दिले, तेव्हा औषधाला दाद न देणारे जंतू वाढलेले आढळले. म्हणून तिथं आता बरेच डॉक्टर आयोडीनवरच भागवतात. बाटलीत पुष्कळदा सूज उतरवणारं स्टेरॉइडही असतं. ते डॉक्टर सांगतील तसं कमी करत आणायचं, मनानं तोडायचं नाही.

उरलेले थेंब ही आमच्याकडची आणखी एक खोड. पावसाळ्यात पोराचे डोळे आले की आजीची बाटली बाहेर निघते. डोळे येतात ते बहुतेकदा विषाणूनं. अँटिबायोटिक तिथं निरुपयोगी, स्टेरॉइड तर घातकही ठरू शकतं.

डॉक्टरांना फोन लावून दिल्यावर मावशींनी थेंब परत सुरू केले. नंतर विचारलं, "उरलेलं ठेवू काय कपाटात?" उघडल्यापासून महिन्याभरात वापरायचं, हे बाटलीवरच छापलेलं असतं. इंग्रजीत, बारीक अक्षरात.