हवा न लागलेली माती

१९७३च्या मार्च महिन्यात उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या जागेवर पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली पाणी काढून देण्यासाठी एक चर खणत होते. चिखलातून लाकडाचे दोन पातळ पापुद्रे वर आले. रंधा मारताना निघतात तसे, आणि एकमेकांना चिकटलेले. नखाने हलकेच अलग केले तर आतल्या बाजूला शाईच्या बारीक रेघा होत्या. पण बाहेरची हवा लागताच लाकूड काळवंडलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली. ती परत मिळाली न्यूकॅसलमध्ये, अवरक्त किरणांनी काढलेल्या फोटोंत. शाई काजळीची होती. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो अवरक्त किरण शोषून घेतो. काळवंडलेलं लाकूड मात्र हे किरण परत पाठवतं. त्यामुळे आपल्या डोळ्यांना जिथे सगळंच काळं दिसतं, तिथे या फोटोत उजळ लाकडावर गडद अक्षरं उमटतात.

तेव्हा सापडलेल्या पहिल्या पत्रांपैकी एकात मजकूर आहे तो मोज्यांचा. कुणीतरी एका सैनिकाला मोज्यांचे जोड, वहाणांचे दोन जोड आणि आत घालायच्या दोन चड्ड्या पाठवल्या आहेत. त्या थंड, पावसाळी मुलखात कुणाच्या तरी घरून आलेलं हे गाठोडं. साम्राज्याच्या इतिहासात सम्राट असतात, लढाया असतात. हे पत्र वाचलं की त्या इतिहासातल्या माणसाच्या पायांना लागणारी थंडी कळते.

विंडोलांडा रोमन सम्राट हेड्रियनने सरहद्दीवर बांधवलेल्या भिंतीच्या दक्षिणेला, जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. भिंतीचं काम सुरू झालं इ. स. १२२ मध्ये, इथला पहिला किल्ला त्याच्याही आधीचा, इ. स. ८५च्या सुमाराचा आणि लाकडी. पलटणी बदलत गेल्या. आजच्या बेल्जियमच्या भागातले टुंग्री आले, ऱ्हाइनच्या मुखाकडचे बटावी आले. नवी पलटण आली की जुन्या लाकडी इमारती पाडायची, वर चिकणमाती आणि गवताची ढेकळं अंथरून जागा सपाट करायची आणि त्यावर नवा किल्ला उभारायचा. असे किमान नऊ किल्ले एकावर एक उभे राहिले.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही चिकणमातीची अंथरणी. लाकूड, चामडं, कापड कुजवतात ते बुरशी आणि जिवाणू, आणि त्या कामासाठी त्यातल्या बहुतेकांना प्राणवायू लागतो. इथे जमिनीत कायम पाणी साचलेलं आणि वरून मातीचं घट्ट झाकण. आत उरलेला थोडा प्राणवायू जिवाणूंनी संपवला आणि कुजण्याचं काम जवळपास थांबलं. म्हणूनच बराकीत अंथरलेलं गवत आणि नेच्याची पानं आजही ओळखता येतात. चामड्याचे पाच हजारांहून जास्त जोडे निघाले आहेत, त्यांत लहान मुलांचेही आहेत. म्हणजे सरहद्दीवरच्या या किल्ल्यात मुलंबाळं नांदत होती. मुष्टियोद्ध्याचे चामडी हातमोजे मिळाले, लाकडी शौचकूपाची बैठक मिळाली. आपल्याकडे दर पावसाळ्यात ओली होणारी आणि उन्हाळ्यात तडकणारी जमीन, शिवाय वाळवी. तिथे अशा वस्तू टिकणं अवघडच.

लिहिलेल्या पट्ट्यांची संख्या आता सतराशेच्या वर गेली आहे. पट्टी एक ते तीन मिलिमीटर जाड, साधारण पोस्टकार्डाएवढी, बहुतेक करून बर्च किंवा अल्डरच्या लाकडाची. मध्ये दुमडून बंद करायची. त्यांतल्या बऱ्याच पट्ट्या बटावी पलटण इथून हलली तेव्हा जाळायच्या ढिगात टाकलेल्या होत्या. काही कडांनी करपल्या, पण पूर्ण जळण्याआधीच आग विझली.

टुंग्री पलटणीची १८ मे रोजीची हजेरी तर थक्क करणारी आहे. एकूण माणसं ७५२. त्यांतली ४५६ कामगिरीवर बाहेर. किल्ल्यात उरली २९६, आणि त्यांतली ३१ कामाला नालायक: १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. चुलीच्या धुराने कोंदलेल्या बराकी इथे माझ्या डोळ्यांसमोर येतात, पण तो माझा तर्क. पक्कं आहे ते एवढंच, की कागदावर साडेसातशे असलेल्या पलटणीतले त्या दिवशी किल्ल्यात धडधाकट होते २६५.

एका हिशेबात दोन दिनारांची मिरीही आहे. ही काळी मिरी येत असे मलबार किनाऱ्यावरून: जहाजाने अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्त, मग भूमध्य समुद्र, मग हा पावसाळी कोपरा.

आणि क्लॉडिया सेव्हेराचं पत्र. इ. स. १००च्या सुमाराला तिने विंडोलांडाच्या सेनाधिकाऱ्याच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावलं. मुख्य मजकूर लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे. शेवटच्या ओळी मात्र वेगळ्या, जरा अडखळत्या हाताच्या: मी तुझी वाट पाहीन, बहिणी. त्या तिने स्वतः लिहिल्या. बाईच्या हातचं लॅटिन म्हणून ठाऊक असलेलं हे सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक.

असं काही बाहेर काढणं म्हणजे त्याला धोक्यात घालणंच. चामडं आणि लाकूड पाण्याने फुगलेलं असतं. तसंच वाळू दिलं तर आकसून तडकतं. म्हणून वस्तू ओलीच ठेवतात, आतल्या पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखा पदार्थ मुरवतात आणि गोठवून सुकवतात.

न खणलेल्या जमिनीवरही आता तीच वेळ आली आहे. विंडोलांडाच्या पश्चिमेला मॅग्ना नावाचा किल्ला आहे, पाणथळ पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, कडेला. हवामान बदलतंय, उन्हाळे कोरडे होतायत आणि हे पीट वाळून खचतंय. भेगांवाटे प्राणवायू खाली उतरला की दोन हजार वर्षं थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. म्हणून तिथे ओल आणि मातीचं रसायन सतत मोजणारी उपकरणं पुरली आहेत आणि २०२३पासून उत्खननही सुरू केलं आहे. खंदकाच्या तळातून जोडे निघाले. त्यांतला एक ३२ सेंटिमीटरहून लांब. तळाशी ओल अजून टिकून आहे.