वांतिरोधक चाचणी (आफ्रिकी वनौषधींची)

आफ्रिकेत वांतीवर पूर्वापार दिल्या जाणाऱ्या वनस्पतीचा गुण प्रयोगशाळेत पारखण्याची पद्धत. ‘ग्रेविया लॅसिओडिस्कस’ हे पश्चिम आफ्रिकेतील झाड याचे चांगले उदाहरण आहे. ते आपल्या फालसा आणि धामण या झाडांच्याच प्रजातीतले. त्याच्या मुळाच्या अर्काची अशी चाचणी नायजेरियातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली.

आधी झाडाची ओळख पक्की करून त्याचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवतात. खरी अडचण प्राणी निवडताना येते. उंदीर-घुशींना ओकताच येत नाही. मळमळले की उंदीर चिनी माती खातो, तेव्हा तिचे वजन करून अंदाज बांधावा लागतो. चिचुंद्री आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी) ओकतात, पण स्वस्त आणि सोयीची म्हणून पुष्कळ ठिकाणी चार-पाच दिवसांची कोंबडीची पिल्लेच घेतात.

पिल्लाला आधी अर्क पाजतात, मग थोड्या वेळाने मोरचुदाचे द्रावण. वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिग्रॅम मोरचूद. त्याने जठराच्या अस्तराचा दाह होतो आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेतून (मज्जातंतूतून) मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे इशारा जातो. पिल्लू मान ताणते, चोच वासते, सगळ्या अंगाला झटका बसतो. बाहेर मात्र बहुधा काही पडत नाही. हे कोरडे उमासे दहा मिनिटे मोजायचे. ताडून पाहण्यासाठी एका गटाला अर्काऐवजी नुसते मिठाचे पाणी, दुसऱ्याला क्लोरप्रोमेझिनसारखे माहितीतले औषध देतात. मीठपाण्याच्या गटात सरासरी ६० आणि अर्काच्या गटात ३० उमासे आले, तर रोध ५० टक्के धरतात.

एवढ्यावर ‘औषध सिद्ध झाले’ म्हणणे घाईचे आहे. मोरचुदाची वांती मुख्यतः पोटातून उठते. अपोमॉर्फिन या वांतिकारक औषधाची मेंदूतल्या डोपामिन-ग्राहींतून (डोपामिन हा संदेशवाहक रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांतून), तर कर्करोगावरील सिस्प्लॅटिन या औषधाची सुरुवातीला आतड्यात सुटणाऱ्या सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकामुळे. एकीवर चाललेला अर्क दुसरीवर चालेलच असे नाही. शिवाय गावात बहुतेकदा पाण्यातला काढा देतात आणि प्रयोगशाळेत अनेकदा मिथेनॉल या अल्कोहोलमधला अर्क. दोन्हींत उतरणारी द्रव्ये वेगळी असतात. म्हणून वैदू देतो त्याच रूपातला काढाही तपासायलाच हवा. विषारीपणाची परीक्षा तर अनिवार्यच, कारण मळमळीवर उपाय शोधणाऱ्यांत गरोदर बायका मोठ्या संख्येने असतात आणि गर्भावरचा परिणाम पिल्लांच्या उमाशांवरून कळत नाही.