मरीन पार्कवर बंदी नक्की कशावर? थोडी पार्श्वभूमी

गोव्यात मोठं अ‍ॅक्वेरियम कम मरीन पार्क हवं ही चर्चा निघाली की कोणीतरी लगेच सांगतं, अरे त्यावर तर बंदी आहे. बंदी आहे, पण कशावर हे बघायचे कष्ट कोणी घेत नाही.

जुना भाग पटकन. लोकांसाठी खुलं पहिलं मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुरू झालं. १९३८ साली फ्लोरिडात डॉल्फिन टाकीत ठेवून दाखवायला लागले आणि १९६४ साली सॅन दिएगोत त्याचा थीम पार्क झाला. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला १९५१ चं, तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. पुढे जाड अ‍ॅक्रिलिक आलं आणि टाक्या अवाढव्य झाल्या. ओकिनावात २००२ साली बसवलेली काच (म्हणजे अ‍ॅक्रिलिकच) ६० सेंटिमीटर जाड आहे, आतून व्हेल शार्क फिरतो.

आता मुख्य मुद्दा, १७ मे २०१३ चं केंद्राचं पत्रक. त्याआधी कोचीत डॉल्फिन शोचा प्लॅन होता, इतर राज्यांतूनही तसलेच प्रस्ताव येत होते, आणि १९९८ साली चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते ते प्राणीप्रेमी विसरले नव्हते, त्यामुळे दबाव वाढत गेला आणि शेवटी राज्यांना कळवलं गेलं की डॉल्फिन-व्हेल जातीचे प्राणी पकडून किंवा आयात करून करमणुकीसाठी ठेवायचे प्रस्ताव फेटाळा. पत्रकात असंही होतं की हे प्राणी फार बुद्धिमान आहेत, त्यांच्याकडे 'मनुष्येतर व्यक्ती' म्हणून बघावं असं काही शास्त्रज्ञ मानतात. झालं, जगभर बातमी फिरली की भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला! कायदा काही बदलला नव्हता. डॉल्फिनना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आधीपासूनच होतं, गंगेतला आणि स्नबफिन डॉल्फिन परिशिष्ट १ मध्ये, बाकीचे तेव्हा परिशिष्ट २ मध्ये. आणि मासे, शार्क, टाकीतून जाणारे काचेचे टनेल यांच्यावर त्या पत्रकाने बंदी घातलेली नाही. म्हणजे मत्स्यालय बांधता येतं, फक्त गर्दी खेचणारा आयटम त्यातून गेला. माझ्या मते बरंच झालं, पण इन्व्हेस्टर लोकांचं गणित तिथेच बिघडलं असणार.

शेजारी सिंधुदुर्गात तोंडवळी-वायंगणीचं सी वर्ल्ड (तिथला मरीन पार्कचा प्रकल्प) मात्र डॉल्फिनपेक्षा जमिनीवरून अडलं. आधी १,३९० एकरांची मागणी, गावकऱ्यांचा विरोध, मग आकडा ३५० एकरांवर, तरी गाडी पुढे गेली नाही.

आपल्याकडे गोव्यात वेगळीच अडचण. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी पाणी गढूळ आणि जवळजवळ गोडं होतं, मग टाकीसाठी खारं पाणी साठवा नाहीतर बनवा, खर्च वाढलाच.

आणि टाकीतले डॉल्फिन नकोत म्हणणारे आपण सिकेरी नि कोको बीचवरून 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' म्हणत बोटी सोडतो. इथला करडा डॉल्फिन बुजरा, पाठ आणि त्यावरचा लहानसा पर वर येतो न येतो तोच दोन-तीन बोटी इंजिन रेटत त्याच्यावर जातात. २०१३ च्या पत्रकात बोटींबद्दल काही नाही, पण १९७२ च्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंसुद्धा येतं. त्यावर कारवाईचं कोणी बोलत नाही, कारण सीझन.