बुलेटचा गिअरबॉक्स: चार स्पीड की पाच?

जुनी बुलेट दाखवताना विकणारा हमखास म्हणतो, "गिअर डावीकडं आहे साहेब, म्हणजे फाइव्ह स्पीडच की!" निपाणी-खानापूर पट्ट्यात केए-२२, केए-२३ पाट्यांच्या गाड्यांबरोबर कोल्हापूरच्या एमएच-०९ गाड्याही फिरतात. बऱ्याच गाड्यांचे मालक आणि मेस्त्री एवढे बदललेले असतात की मूळचं काय आणि नंतर बसवलेलं काय, कळत नाही. त्यात पाच स्पीडचा बॉक्स जुन्या इंजिनामागे, चार स्पीडच्या जागी बसतो. त्यामुळे गाडीच्या वर्षावरून आतला बॉक्स ओळखायच्या भानगडीत पडू नये.

चार स्पीडचा बॉक्स म्हणजे बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीचं जुनं डिझाइन, म्हणून त्याला अल्बियनच म्हणतात. मूळ मांडणीत गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. गिअरच्या लिव्हरजवळ आणखी एक छोटी लिव्हर असते, ती न्यूट्रलची. पहिला सोडून कुठल्याही गिअरमध्ये ती दाबली की गाडी थेट न्यूट्रलला येते. सिग्नलला ही सोय फार गोड वाटते. पाच स्पीडमध्ये गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. पहिला खाली, चार वर.

गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रकारामुळे. चार स्पीडच्या बॉक्सला मागून आडवी दांडी जोडून गिअर डावीकडे नेलेला असतो. अशा वेळी उजव्या बाजूला खाली वाकून बघा. पाच स्पीडच्या उजव्या कव्हरातून किकचीच दांडी बाहेर येते. अल्बियनमध्ये किकबरोबर गिअरची दांडीही बाहेर येते, आणि डावीकडे नेलेल्या गाडीत तिलाच जोडकाम केलेलं दिसतं. शिवाय त्या कव्हरावर स्क्रूंनी बसवलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की आत गिअर अडवणारी प्लेट दिसते. फॉल्स न्यूट्रल (दोन गिअरच्या मधेच न्यूट्रल लागणं) यायला लागले की मेस्त्री हीच प्लेट जरा पुढेमागे सरकवून बघतो. तेवढ्यावर भागलं तर बॉक्स खोलायची गरज नाही, हे माहीत असलेलं बरं.

तरीही शंका राहिली तर इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत एकेक गिअर टाका आणि मोजा. दांड्या कितीही फिरवल्या तरी चाराचे पाच होत नाहीत.

चालवताना फरक कळतो तो चोर्ला घाटात. अल्बियनच्या पहिल्या गिअरचा रेशो (आकडा मोठा तेवढी चढावर ताकद जास्त) २.७८ आणि दुसऱ्याचा १.८४. मधे मोठी दरी आहे, म्हणून चढावर दुसरा टाकला की इंजिन दमतं आणि पहिल्यात ते ओरडत राहतं. पाच स्पीडमध्ये दुसऱ्यापासून पुढच्या पायऱ्या जवळजवळ असल्यामुळे चढ सोपा जातो. मात्र सपाट रस्त्यावर मला अल्बियनच आवडतो. डाव्या ब्रेकची सवय असलेल्यानं पाच स्पीडवर बसून थेट घाट उतरू नये, अडचणीत पाय जुन्याच जागी जातो.

वंगणाचंही वेगळं आहे. अल्बियन मुळात पातळ ग्रीससाठी बनलेला, त्यामुळे त्यात नुसतं पातळ ऑइल ओतलं की अंगणात डाग पडणारच. पाच स्पीडमध्ये मात्र ऑइलच घालायचं, ग्रीस कोंबायचं नाही.