पट व प्रगती, मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळांतील

मुंबई महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत कोणती मुले येतात आणि ती अभ्यासात कुठवर पोहोचतात, यांच्या नोंदींचा हा विषय आहे. पहिल्या बाजूला शाळेत ‘पट’ म्हणतात. दुसरीला पूर्वी ‘निकाल’ म्हणत. आता ‘श्रेणी’ किंवा ‘अध्ययनस्तर’ म्हणतात. या दोन नोंदी स्वतंत्र दप्तरांत राहत असल्या, तरी एकीवाचून दुसरीचा अर्थ लागत नाही.

या शाळांचा आरंभ नेमका कधीचा धरावा याविषयी एकमत नाही. हंटर आयोगाने (1882) प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली. त्यानंतर 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने प्राथमिक शाळा चालवणे व त्यांना साहाय्य देणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले, म्हणून काही अभ्यासक तेच वर्ष धरतात. मात्र त्या व्यवस्थेत सरकार व पालिका यांची संयुक्त शाळा समिती होती. संपूर्ण जबाबदारी पालिकेकडे आली ती 1907 च्या सुमारास. कारभाराच्या दृष्टीने हे दुसरे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. पटाच्या इतिहासाला तर त्याहून महत्त्वाचा टप्पा सक्तीच्या शिक्षणाचा आहे. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने 1918 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, 1920 मध्ये मुंबई शहरासाठी वेगळा कायदा आला आणि 1925 मध्ये पालिकेच्या एफ व जी या प्रशासकीय विभागांत सक्ती लागू झाली. गिरणगावाचा, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगार वस्तीचा, मोठा भाग याच विभागांत येतो. सक्ती करायची तर शाळेत आलेल्या मुलांबरोबर न आलेल्यांचीही मोजदाद हवी.

पटाची मूळ नोंद ‘जनरल रजिस्टर’मध्ये असते. मुलाचे व आईचे नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची इयत्ता आणि शेवटी शाळा सोडल्याचे कारण असे त्याचे रकाने असतात. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरावरून निघतो. शाळेची घडण समजून घ्यायला ‘मातृभाषा’ हा रकाना सर्वांत बोलका. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या आहेत. पण माध्यम म्हणजे घरची बोली नव्हे. हिंदी शाळेतल्या अनेक मुलांच्या घरी भोजपुरी किंवा अवधी बोलतात. पहिलीतले असे मूल वाचनात मागे दिसले, तर ते शाळेची भाषाच नव्याने शिकत असते, हे गुणतक्त्यात कुठेच येत नाही.

आणखी एक घोटाळा ‘शाळा’ या शब्दाचा. एका पालिका इमारतीत बहुधा अनेक शाळा असतात: एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू, त्यातही सकाळ व दुपार अशा दोन पाळ्या. त्यामुळे शाळांची संख्या इमारतींपेक्षा पुष्कळ जास्त भरते, आणि इमारतीच्या नावावरून शाळेचा पट सांगता येत नाही.

1982 च्या गिरणी संपानंतर कामगार कुटुंबे उपनगरांकडे व पुढे वसई-विरार, डोंबिवलीकडे सरकली. त्यातच इंग्रजी माध्यमाची ओढ वाढली. गिरणगावातल्या मराठी शाळांचा पट त्यामुळे ओसरला. उलट गोवंडी-मानखुर्दसारख्या दाट वस्तीत उर्दू व हिंदी वर्ग भरलेले असतात. शिक्षक किती मिळणार हे पटावरच ठरते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. त्यासाठी 30 सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत रूढ झाली. वर्गातला फळा मात्र रोजचा हिशेब सांगतो. कोपऱ्यात ‘पट’ आणि ‘हजर’, खाली मुले, मुली, एकूण. दिवाळीनंतर गावाहून उशिरा परतणाऱ्या मुलांमुळे त्या दोन आकड्यांतले अंतर वाढते. राज्यात ऑक्टोबर 2011 मध्ये पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुले खरोखर आहेत का याची तपासणी, झाली तेव्हा एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती.

प्रगतीचे मोजमाप 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने होते. पहिली-दुसरीत आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाला 70 व संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला) 30 टक्के भार असतो. तिसरी-चौथीत 60 व 40, सहावीत 50 व 50, सातवीत 40 व 60. पाचवी व आठवीचे भार 2023 पर्यंत अनुक्रमे सहावी व सातवीसारखेच होते; आता त्यांना वार्षिक परीक्षा आहे. श्रेणी अ-1 (91 ते 100) पासून ई-2 (20 व त्याखाली) पर्यंत आहेत. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, छोटी चाचणी इत्यादी साधने येतात, म्हणजे खालच्या इयत्तांत वर्गशिक्षकाची नजर हेच मुख्य साधन. मूल ओळखणारी ही पद्धत योग्यच आहे. दोन शाळांची तुलना मात्र तिच्यावर उभी राहत नाही.

बाहेरच्या चाचण्याही या कामी तोकड्या पडतात. ‘असर’ या, ‘प्रथम’ संस्थेच्या शैक्षणिक अहवालाची घरोघर पाहणी ग्रामीण भागापुरती असल्याने मुंबई तिच्यात नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (2017, 2021) नमुन्यावर आधारलेले असून जिल्ह्याचे चित्र देते, एका शाळेचे नाही. शिष्यवृत्ती परीक्षेला निवडक मुले बसतात. त्यातून लहान पटाची अडचण निराळीच: आठ मुलांच्या वर्गातली दोन मुले परीक्षेच्या आठवड्यात गावी गेली, की चौथाई वर्ग निकालातून वजा होतो. अशा टक्केवारीवरून शाळेला कमकुवत ठरवणे त्या शिक्षकांवर आणि मुलांवरही अन्यायाचे आहे.

अलीकडे पालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाखाली केंद्रीय व आंतरराष्ट्रीय मंडळांशी संलग्न शाळा सुरू केल्या आहेत. तेथे जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सोडत काढली जाते. शेजारच्या मराठी शाळेचे शिक्षक मात्र जूनच्या आधी वस्तीत फिरून पहिलीसाठी मुले शोधत असतात.