पिल्लू घरी कधी आणावं?

नाशिकमध्ये लॅब्रॅडॉरचं पिल्लू बघायला गेलं की बऱ्याचदा ऐकू येतं, "पंचेचाळीस दिवसांचं झालं, खायला लागलंय, घेऊन जा." पोटापुरतं हे खरं आहे. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू ब्रीडरला विकता येत नाही. आणि मधले ते अकरा दिवस पिल्लाच्या स्वभावासाठी फार मोलाचे असतात.

पिल्लांचा खेळ जरा जवळून बघा. एक दुसऱ्याचा कान धरतं. सुईसारखे दुधाचे दात रुतले की दुसरं केकाटतं आणि बाजूला निघून जातं. खेळ मोडतो. असं चार-पाचदा झालं की पहिलं पिल्लू जबडा सैल ठेवायला लागतं. सडांना दात लागले की आईही गुरकावून उठते. चावण्याचा जोर आवरायचा हा धडा माणसांना इतका नीट देता येत नाही. लवकर आणलेलं पिल्लू पुढे मुलांना कडकडून चावलं, तर त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नसतो.

मग चार महिने आईजवळच ठेवावं का? तेही नाही. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ते पिल्लू सहज आपलं मानतं. फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात पिल्लं कुंपणाच्या मैदानात, माणसांपासून दूर वाढवली होती. चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं पुढेही रानातल्या जनावरासारखी बिचकत राहिली. म्हणून मी आठ ते दहा आठवडे हाच काळ योग्य मानतो. पॉमेरेनियनसारख्या इवल्या जातींना मात्र बारा आठवडे द्यावेत. त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. ब्रीडरकडे गेल्यावर पिल्लाइतकंच आईकडे बघा. भित्रेपणा काही अंशी रक्तातूनही येतो.

खरी ओढाताण लसीची. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्यं सहाव्या ते सोळाव्या आठवड्यात कधीतरी ओसरतात, प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी. ती असेपर्यंत लसीलाही निष्प्रभ करतात, म्हणून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून डोस पूर्ण होईपर्यंत गोदाकाठी किंवा बागेतल्या गवतावर पिल्लू खाली सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन कॉलेज रोडला उभे राहा. रिक्षा, हेल्मेटवाले, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, सगळं त्याला वरून बघू द्या.

या वयात बसलेली भीती खोल रुजू शकते. आठ आठवडे ऐन दिवाळीत भरत असतील, तर भाऊबीज होईपर्यंत पिल्लू आईजवळच राहू द्या. फटाके तिथेही वाजतील. पण नवं घर, नवे वास आणि सुतळी बॉम्ब एकदम त्याच्या अंगावर येणार नाहीत.